विजेची परतीची वाट

जुन्या ट्रकचा मागचा इंडिकेटर बंद पडला की पहिला संशय बल्बवर घेतला जातो. बल्ब स्वस्त, कोणत्याही दुकानात मिळणारा आणि बदलायला सोपा. नवा बल्ब चार दिवस चालतो, मग तोही लागेनासा होतो. तेव्हा फ्लॅशर बदलला जातो. त्यानेही भागले नाही की अख्खे वायरिंग नवे टाकण्याचा सल्ला मिळतो. या सगळ्या खर्चात बल्ब ज्या वाटीत बसतो तो होल्डर मात्र कोणी बाहेर काढून उजेडात पाहत नाही. जुन्या गाडीत दुखणे बहुधा तिथेच असते, आणि त्यातही होल्डरपर्यंत वीज येण्यात नव्हे, तर तिथून परत जाण्यात.

आधी होल्डरची रचना पाहू. इंडिकेटरचा नेहमीचा बल्ब 21 वॅटचा, एका तारेचा. त्याच्या पितळी टोपीचा व्यास 15 मिलिमीटर. टोपीच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन छोट्या खुंट्या असतात आणि तळाशी शिशाच्या डाकाचा एक ठिपका. बल्ब आत दाबून जरा फिरवला की खुंट्या होल्डरच्या खाचेत अडकतात. होल्डरच्या तळाशी स्प्रिंग असते. तिच्या डोक्यावरचा पितळी संपर्कबिंदू बल्बच्या ठिपक्याला खालून रेटून धरतो. फ्लॅशरकडून आलेली वीज या बिंदूतून बल्बमध्ये शिरते, तार तापवते आणि बल्बच्या टोपीतून होल्डरच्या भिंतीत उतरते. तिथून पत्रा, चासी आणि शेवटी बॅटरीची ऋण बाजू. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये अर्थ म्हणतात.

टेल आणि ब्रेक या दोन्ही कामांचा बल्ब वेगळा असतो. त्यात दोन तारा असतात, एक 5 वॅटची आणि एक 21 वॅटची, आणि तळाशी दोन ठिपके. त्याच्या खुंट्या मुद्दाम वरखाली ठेवलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. ज्यात बल्बच पिवळा असतो आणि काच पांढरी, त्या प्रकारात खुंट्या समोरासमोर नसून थोड्या एका बाजूला सरकलेल्या असतात, म्हणजे पांढरा बल्ब चुकून तिथे जाऊ नये. कारखान्यात इतका विचार करून ठेवलेली ही गोष्ट रस्त्यावर कानस मारून किंवा खुंटी घासून ‘बसवली’ जाते. तसे अजिबात करू नका. होल्डर मागवताना जुना होल्डर आणि जुना बल्ब दोन्ही दुकानात घेऊन जाणे हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

आता हा होल्डर बिघडतो कसा? ट्रकच्या मागच्या दिव्याइतकी वाईट जागा गाडीत दुसरी नाही. चाकाने उडवलेला चिखल तिथे बसतो, फाळका आपटल्याचे हादरे तिथे पोचतात, पावसाळ्यात काचेच्या फटीतून पाणी आत शिरते. कोकणातून मासळी वाहणाऱ्या गाडीत तर बर्फाचे खारट पाणी हौद्यातून थेट दिव्यावर ठिबकते. पितळ, लोखंड, जस्ताचा मुलामा आणि शिसे असे वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असताना त्यांच्यात खारे पाणी आले की तिथे एक छोटीशी बॅटरीच तयार होते आणि त्यांतला एक धातू झिजू लागतो. पितळेवर हिरवा कळंक चढतो, लोखंडी वाटीला तांबेरा लागतो, जस्तावर पांढरी भुकटी धरते. यातला कोणताही थर वीज नीट वाहून नेत नाही.

पाणी लागले नाही तरी हादरे पुरतात. रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला बल्ब होल्डरमध्ये केसाएवढा हलतो. त्या सूक्ष्म घासण्याने धातूवर ऑक्साइडची बारीक भुकटी तयार होते आणि संपर्काच्या मधोमध साचते. बल्बच्या तळाचे शिसे मऊ असते, ते दबून सपाट होते. इकडे उष्णतेने स्प्रिंगचा जोर उतरतो. मग दिव्यावर हाताने थाप मारली की इंडिकेटर लागतो आणि पुढच्या खड्ड्यात बंद पडतो. थापेने लागणारा दिवा दिसला, की बल्ब बाजूला ठेवा आणि होल्डर हातात घ्या.

संपर्कातला थोडासा अडथळाही किती महाग पडतो हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. 12 व्होल्टच्या छोट्या ट्रकमध्ये 21 वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर वीज घेतो. पेटलेल्या तारेचा रोध साधारण 7 ओहम. कळंकामुळे वाटेत फक्त 1 ओहमची भर पडली, तरी बल्बला 12 ऐवजी साडेदहा व्होल्ट मिळतात. दीड व्होल्टच गेले असे वाटेल, पण तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कोसळतो. साडेबारा टक्के व्होल्टेज गेले की प्रकाश एक तृतीयांशाहून अधिक घटतो. भर दुपारी, मळलेल्या काचेआड असा इंडिकेटर मागच्या दुचाकीस्वाराला दिसतच नाही. गेलेली शक्तीही कुठे नाहीशी होत नाही. सव्वादोन वॅट उष्णता त्या कळंकलेल्या ठिपक्यावरच निर्माण होते. तिने स्प्रिंग आणखी ढिली पडते, मधली इन्सुलेशनची चकती करपते, संपर्क आणखी बिघडतो आणि उष्णता वाढत जाते. होल्डर एकदा बिघडायला लागला की आपणहून थांबत नाही, तो यामुळे.

मोठ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. तिथे त्याच 21 वॅटसाठी वीजप्रवाह निम्मा लागतो आणि तारेचा रोध सुमारे 27 ओहम असतो. त्यामुळे तोच 1 ओहमचा दोष तिथे प्रकाश जेमतेम अकरा-बारा टक्क्यांनी कमी करतो. मोठी गाडी हा आजार जास्त काळ सोसते आणि म्हणून तो उशिरा लक्षात येतो. छोट्या टेम्पो-ट्रकमध्ये तो लगेच दिसतो.

अर्थचा प्रश्न आपल्याकडे अधिक बिकट होण्याला एक देशी कारण आहे. भारतात जड ट्रक बहुतांशी नुसती चासी म्हणून विकला गेला. टेल्कोने 1954 मध्ये डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून पुढची कित्येक दशके हौदा बांधण्याचे काम गावोगावच्या बॉडी-बिल्डरांकडे राहिले. हौदा अनेकदा लाकडी. लाकडातून वीज जात नाही. मग मागच्या दिव्याचा अर्थ कुठून घ्यायचा? कुणी पट्टीच्या बोल्टवरून घेतला, कुणी नंबरप्लेटच्या चौकटीवरून, कुणी फाळक्याच्या बिजागरीवरून. नवी असताना सगळीच जोडणी चालते. मग त्यावर रंगाचे हात चढतात, बोल्टखाली गंज धरतो, बिजागरी ढिली होते आणि परतीची वाट बंद होते. बल्बपर्यंत वीज व्यवस्थित येत असते, पण तिला बाहेर पडायला दार नसते.

दार बंद झाले की वीज दुसरी वाट शोधते, आणि इथे जुन्या ट्रकचे सगळ्यात चमत्कारिक वाटणारे लक्षण दिसते. डावा इंडिकेटर लावला की डाव्या बाजूचा टेललाइटच लुकलुकू लागतो. कारण सरळ आहे. टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच डब्यात असतात आणि तिघांचा अर्थ एकच असतो. तो तुटला की इंडिकेटरच्या बल्बमधून डब्याच्या पत्र्यात उतरलेली वीज चासीकडे जाऊ शकत नाही. ती शेजारच्या टेल बल्बच्या तारेतून उलटी चढते, टेलच्या वायरमध्ये शिरते आणि उजव्या बाजूच्या किंवा पुढच्या दिव्यांमधून, जिथे अर्थ शाबूत आहे तिथून, घरी पोचते. वाटेतली 5 वॅटची तार जास्त रोधाची असल्याने ती पेटते आणि 21 वॅटचा इंडिकेटर जवळपास काळाच राहतो.

रात्री याचा परिणाम जीवघेणा होतो. हेडलाइट चालू केले की टेलच्या वायरीतही बॅटरीचा पूर्ण दाब येतो, म्हणून ती वाट बंद. ब्रेक दाबला की ब्रेकच्या वायरीतून निसटण्याची वाटही बंद. आता दिवे चालू, ब्रेक दाबलेला आणि वळण्यासाठी इंडिकेटर पेटता, अशा क्षणी त्या डब्यात तिन्ही बाजूंनी वीज येऊन उभी असते आणि परत जायला एकही मार्ग नसतो. डबा पूर्ण काळोखा होतो. ट्रक वेग कमी करून वळतो आहे हे मागच्याला सांगण्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकी तीच ही वेळ. चालकाला याचा पत्ता लागत नाही. त्याने ब्रेक दाबला आहे, इंडिकेटर लावला आहे, त्याच्या परीने त्याचे काही चुकलेले नाही. केवळ एका गंजलेल्या बोल्टमुळे हे घडू शकते, म्हणून या क्षुल्लक दिसणाऱ्या दुरुस्तीवर अख्खे प्रकरण खर्च केले आहे.

तपासणीला सुरुवात करताना गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला गुटका द्या. किल्ली चालू करून आधी चारी बाजूंनी फिरून पाहा. सगळेच इंडिकेटर बंद असतील तर फ्यूज, फ्लॅशर किंवा स्विच पाहायचा. पुढचा लागतो आणि त्याच बाजूचा मागचा लागत नाही, तर फ्लॅशर निर्दोष आहे, उगाच बदलू नका. टिकटिक नेहमीपेक्षा भराभर होत असेल तर तो इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचा इशारा आहे. एका बल्बची वीज कमी झाली हे त्याने ओळखलेले असते. जुना, आत द्विधातूची पट्टी तापून चालणारा डबीसारखा फ्लॅशर अशा वेळी बहुधा मंदावतो किंवा नुसताच पेटून राहतो. दोघांनाही बल्ब उडाला आहे की होल्डर कळंकला आहे हा फरक कळत नाही. त्यांना फक्त प्रवाह घटलेला कळतो.

काच काढताना घाई नको. जुने स्क्रू गंजून बसलेले असतात. गंज सोडवणारे तेल सोडून थोडा वेळ थांबा, नाहीतर प्लॅस्टिकची काच कानाशी चिरते आणि मग पुढचा प्रत्येक पाऊस आत येतो.

साधा टेस्ट लॅम्प या कामाला पुरतो. त्याचा चिमटा चासीच्या उघड्या, घासलेल्या धातूला लावा आणि टोक होल्डरच्या तळाच्या बिंदूला टेकवा. इंडिकेटर चालू असताना लॅम्प लुकलुकला तर येणारी वीज ठीक. आता चिमटा बॅटरीच्या धन बाजूकडून घेतलेल्या वायरीला लावा आणि टोक होल्डरच्या भिंतीला. लॅम्प भरपूर पेटला तर अर्थही ठीक. मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर दोष सापडला.

मल्टीमीटर वापरणाऱ्यांची एक फसगत ठरलेली असते. बल्ब काढून होल्डरमध्ये मोजले की मीटर पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो आणि वायरिंग ठणठणीत असल्याचे वाटते. मीटर स्वतः जवळपास काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून कळंकाच्या थरातूनही पूर्ण दाब दिसतो. अडथळा दिसतो तो ओझे टाकल्यावरच. तेव्हा बल्ब जागेवर ठेवून, तो पेटलेला असताना, होल्डरची भिंत आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मोजा. तिथे व्होल्टचा एक-दोन दशांश भाग दिसला तर चालेल. अर्धा व्होल्ट किंवा जास्त असेल तर अर्थ दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. लुकलुकत्या दिव्यावर आकडा स्थिर राहत नाही, म्हणून तपासणीपुरता फ्लॅशर काढून त्याच्या सॉकेटमधली बी आणि एल ही दोन टोके वायरने जोडली की दिवा एकसारखा पेटतो आणि नीट मोजता येते.

दोष कळला की बॅटरीचे ऋण टोक सोडवा आणि मगच हत्यार लावा. कळंक वरवरचा असेल, स्प्रिंग बोटाने दाबली असता जोराने परत येत असेल, तर होल्डर वाचतो. बारीक पॉलिश पेपर काडीला गुंडाळून तळाचा बिंदू, भिंतीचा आतला भाग आणि खुंटीच्या खाचा घासा. जाड काचकागदाने मुलामा निघून जातो आणि गंज दुप्पट वेगाने परततो. घासल्यावर संपर्क स्वच्छ करणारा स्प्रे मारून भुकटी बाहेर काढा. चिंच किंवा लिंबाने पितळ उजळते म्हणून काही जण तो घरगुती उपाय करतात. तो करायचाच तर नंतर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे लागते, कारण फटीत राहिलेले आम्ल आतून खात राहते. त्यापेक्षा स्प्रे बरा.

स्प्रिंग मेली असेल, चकती करपली असेल किंवा वाटीला भोके पडली असतील तर होल्डर बदलण्याला पर्याय नाही. स्प्रिंग ओढून लांब करणे, बल्बच्या बुडाला डाक वाढवणे, टोपीखाली सिगारेटच्या पाकिटातली चांदी कोंबणे, हे सगळे रात्रीपुरते इलाज. चांदीचा तो कागद सरकला तर सरळ शॉर्ट होतो.

नव्या होल्डरची वायर जुन्या वायरीला जोडण्याआधी जुनी वायर मागे मागे कापत जा, आतले तांबे लखलखीत दिसेपर्यंत. पाणी तांब्याच्या बारीक तारांमधून प्लॅस्टिकच्या आत बरेच लांबवर चढलेले असते. काळ्या पडलेल्या तांब्यावर डाक धरत नाही आणि दाबलेला जोडही टिकत नाही. जोड पक्कडीने दाबायच्या बट-टर्मिनलने करा किंवा राळेच्या सोल्डरने करा, दोन्ही चांगले आहेत, फक्त दोन पथ्ये पाळा. सोल्डर करताना आम्लाची पेस्ट वापरायची नाही, ती वायर कुरतडते. आणि डाकाचा कडक भाग जिथे संपतो तिथेच हादऱ्याने वायर तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर क्लिपने आवळून आधार द्यायचा. वरून आत गोंद असलेली, तापवून आवळणारी स्लीव्ह चढवा. दोन वायरींचे जोड शेजारीशेजारी न आणता पुढेमागे ठेवा. वायर पिळून वर काळी टेप गुंडाळण्याची पद्धत सोडून द्यायला हवी. उन्हाळ्यात टेपचा डिंक पाघळतो आणि पावसाळ्यात जोड उघडा पडतो.

होल्डर बदलून काम संपत नाही. प्रत्येक मागच्या दिव्याच्या डब्यापासून चासीपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर टाका, मूळ वायरीपेक्षा बारीक नको. चासीवर जिथे ती लावायची तिथला रंग घासून धातू उघडा करा, रिंग टर्मिनलखाली दातेरी वॉशर घाला, बोल्ट घट्ट आवळा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावा. आधी रंग आणि मग बोल्ट, असे उलटे केले तर सगळी मेहनत वाया जाते. हौदा लाकडी असो वा लोखंडी, ही एक वायर टाकली की बिजागऱ्या आणि पट्ट्यांवर विसंबण्याची गरजच राहत नाही. माझ्या मते जुन्या ट्रकच्या विजेच्या कामात याहून जास्त मोल देणारे काम नाही.

बल्ब बसवण्यापूर्वी खुंट्यांना आणि तळाच्या बिंदूला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. ते वीजवाहक नाही, तरी स्प्रिंगच्या दाबाने धातू त्यातून धातूला भिडतो आणि भोवतालचे हवा-पाणी बाहेर राहते. काचेची रबरी चौकट कडक झाली असेल तर नवी घाला. डब्याच्या तळाला असलेले छोटे भोक मात्र सिलिकॉनने बुजवू नका. आत साचलेले पाणी तिथूनच निचरते.

हल्ली या सगळ्याऐवजी एलईडीचा बल्ब टाकला जातो. तो थोडीच वीज घेतो, त्यामुळे जुन्या फ्लॅशरला बल्ब उडाल्यासारखे वाटते आणि टिकटिक बिघडते. मग कुणी समांतर रोधक लावतो. 12 व्होल्टवर 6 ओहमचा रोधक पेटलेल्या वेळात 24 वॅट उष्णता टाकतो आणि लाकडाला किंवा प्लॅस्टिकला टेकला तर जाळतो. एलईडीच हवा असेल तर त्याला चालणारा फ्लॅशर घ्या आणि प्रकाश पिवळाच निवडा. कळंकलेल्या होल्डरमध्ये बसवलेला एलईडीही हादऱ्याने किंवा अर्थ तुटल्याने बंद पडतोच.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 नुसार इंडिकेटर मिनिटाला 60 पेक्षा कमी आणि 120 पेक्षा जास्त वेळा लुकलुकता कामा नये. घड्याळ लावून मोजा. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. त्या दिवसापुरता नवा बल्ब टाकून दिवा दाखवता येतो, पण ऑक्टोबरपासून उसाच्या गाड्यांनी भरलेल्या रस्त्यावर पुढचे वर्ष काढायचे असते.

दुरुस्ती झाली की कुणाला तरी केबिनमध्ये बसवा, दिवे लावायला सांगा, ब्रेक दाबायला सांगा, इंडिकेटर लावायला सांगा, तिन्ही एकाच वेळी. तुम्ही दहा पावले मागे उभे राहा आणि डब्यावर हाताने थाप मारूनही एकदा पाहा. मग दुसरी बाजू. तिन्ही दिवे आपापले काम करताना दिसले तरच गाडी रस्त्यावर काढा.